घाटात तापलेले इंजिन आणि नोंदवहीची साक्ष

निफाड तालुक्यातील एखादे व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. तीन पिढ्यांचे किराणा दुकान, मागे गोदाम आणि दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेला बीएस-६ ट्रक. हा ट्रक कांदा घेऊन वाशीच्या बाजार समितीत उतरतो आणि परतताना तेलाचे डबे, साखर, डाळी भरून कसारा घाट चढतो. एका रात्री त्याच घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. घरात अठरा वर्षे नोकरी केलेला चालक गाडी कडेला घेतो. दुसऱ्या दिवशी ओढून आणलेली गाडी अधिकृत सेवा केंद्रात उभी राहते आणि संध्याकाळी तेथून दोन ओळींचा निकाल येतो : चालकाच्या निष्काळजीपणामुळे इंजिन तापले, कूलंटऐवजी साधे पाणी वापरले, सबब वॉरंटी लागू नाही.

दुरुस्तीचा अंदाजी खर्च पाहून घरातील धाकटा मुलगा म्हणतो, “चालकाच्या पगारातून दरमहा कापून घेऊ.” चालक दारात उभा असतो. “शेठ, काटा वर गेला तशी गाडी बाजूला घेतली. ताणली नाही,” एवढेच तो म्हणतो. एका कुटुंबाचा पैसा आणि दुसऱ्या कुटुंबाची भाकरी, दोन्ही एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : इंजिन तापले कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज खर्च कोणी सोसायचा, हे न्यायाने ठरवता येत नाही.

इंजिन थंड राहते कसे?

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या शक्तीपैकी निम्म्याहून कमी भाग चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि कूलंटवाटे बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप कूलंटला इंजिनमधून फिरवतो, थर्मोस्टॅट योग्य तापमानाला रेडिएटरचा मार्ग मोकळा करतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून उष्णता हवेत जाते आणि चढावर वेग मंदावला की हवा ओढण्याचे काम पंखा करतो.

यात झाकणाचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समुद्रसपाटीला उघडे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. परंतु वातावरणाहून १ बार अधिक दाब राखला तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. हा दाब झाकण राखते. झाकणाचे रबर झिजले की कूलंट लवकर उकळू लागते. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये असे सांगतात, त्याचे कारणही हेच. दाब सुटताच आतील द्रव क्षणात उसळतो आणि हात-चेहरा भाजतो.

कूलंट म्हणजे केवळ रंगीत पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असते, त्याचप्रमाणे गंज आणि क्षार यांना रोखणारी द्रव्येही असतात. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार नळ्यांच्या आत थर धरतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत. मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला बाहेरून कूलंट भिडलेले असते. तेथे सूक्ष्म बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात. त्यापासून संरक्षणही ही द्रव्येच देतात. म्हणून निर्मात्याने सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात आणि क्षारविरहित पाण्यातच मिसळावे. रंग सारखा दिसला म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत. रंगावरून गुण ठरत नाही.

निदानाचा क्रम

गाडी तापली की ‘रेडिएटर बदला’ किंवा ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ असे सल्ले लगेच मिळतात. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने इंजिन योग्य तापमानाला येत नाही, झीज वाढते आणि वॉरंटीला बाधा येते ती वेगळीच. क्रमाने गेल्यास चूक टळते.

प्रथम काटा खरे बोलतो का, हे पाहावे. थर्मोस्टॅटजवळचे तापमान वेगळ्या तापमापकाने मोजले की सेन्सर बिघडला आहे की इंजिन खरोखर तापले आहे, हे कळते.

दुसरे, गाडी केव्हा तापते? सावकाश चढताना किंवा उभी असताना तापत असेल, तर पंखा, त्याचा पट्टा अथवा व्हिस्कस कपलिंग यांवर संशय घ्यावा. वेगाने धावतानाही तापत असेल, तर रेडिएटर तुंबला असण्याचा संभव अधिक. धान्य आणि कांदा वाहणाऱ्या गाड्यांत भुसा, पाला, धूळ ही रेडिएटर व इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत दडून बसते. समोरून पाहिल्यास सारे स्वच्छ दिसते. ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाने काढावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पाती वाकतात.

तिसरे, होज पाइप. गाडी तापलेली असताना वरचा पाइप कढत आणि खालचा थंड राहत असेल, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा रेडिएटर आतून बंद झाला आहे. ही पाहणी पंख्यापासून हात दूर ठेवून, जाणत्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावी.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे : कूलंट कमी होते का? होत असेल आणि गाडीखाली थेंबही दिसत नसेल, तर ते आतल्या आत जात आहे. टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असल्याचे ते लक्षण होय. ऑइल दुधाळ झाले असेल, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळले आहे. या दोन्ही खुणा नसतील, पण सकाळी पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, तर ईजीआर कूलर तपासावा. अनेक बीएस-६ इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतात. धूर थंड करणाऱ्या या भागाला आतून चीर गेली की कूलंट धुराबरोबर निघून जाते आणि मागे खूण राहत नाही. थंड इंजिनाच्या कूलंट यंत्रणेला हातपंपाने दाब देऊन काही वेळ ठेवले, दाब उतरला आणि कूलरच्या धुराच्या तोंडाशी ओल दिसली, तर दोष सापडला असे समजावे.

रस्त्यात गाडी तापलीच, तर ती सुरक्षित जागी घ्यावी. कूलंट शिल्लक असेल तर काही मिनिटे भाराविना इंजिन चालू ठेवून मग बंद करावे. कूलंट वाहून गेले असेल तर लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये. हेडला तडा जाण्याची भीती असते.

वॉरंटीचा कागद

ट्रकची वॉरंटी वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तेथपर्यंत असते. ती प्रामुख्याने साहित्यातील व निर्मितीतील दोषांसाठी असते. पट्टे, होज पाइप, कूलंट यांसारख्या झिजणाऱ्या-संपणाऱ्या वस्तू बहुधा वगळलेल्या असतात. अयोग्य कूलंट, जादा भार, परस्पर केलेले फेरफार ही नकाराची नेहमीची कारणे. माल उशिरा पोहोचल्याचे नुकसानही सहसा त्यात येत नाही. आणि वाहन विम्याची सर्वसाधारण पॉलिसी यांत्रिक बिघाडाचा खर्च देत नाही. म्हणून वॉरंटीची पुस्तिका गाडी घेतली त्याच दिवशी घरात कोणीतरी वाचलेली असावी.

नकार मिळाला तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कोणत्या कलमाखाली नकार दिला, कोणत्या चाचणीवरून तो निष्कर्ष काढला आणि इंजिनाच्या संगणकातील दोषनोंदींची प्रत. काढलेले सुटे भाग निकाल लागेपर्यंत जपून ठेवण्यास सांगावे. जॉब कार्डावर ‘सर्वसाधारण तपासणी’ असे मोघम लिहू देऊ नये; ‘आठ दिवसांत दोन लिटर कूलंट कमी होते, बाहेर गळती नाही’ अशी नेमकी तक्रार लिहवून प्रत घ्यावी. काम अपुरे असेल, तर समाधानपत्रावर तसे नमूद करूनच सही करावी.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यावसायिक हेतूने वस्तू घेणाऱ्याला ‘ग्राहक’ मानत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यास अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः मालवाहतुकीसाठी ट्रक चालवणाऱ्या खरेदीदाराचे उदाहरण ग्राहक म्हणून दिले आहे. पगारी चालक ठेवून पेढीचा माल वाहणाऱ्या कुटुंबाला हा अपवाद लागू होईलच असे नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ज्यांना तो मार्ग खुला नाही, त्यांना वस्तुविक्री कायदा, १९३० च्या आधारे दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. दोन्हीकडे वकिलाचा सल्ला आधी घ्यावा आणि दोन्हीकडे लागतो तो लेखी पुरावाच.

वहीतील ते पान

आरंभीच्या घरात हा पुरावा सूनबाईंच्या कपाटात असतो. दुकानाच्या खात्यांबरोबर ट्रकचीही वही त्या लिहीत आलेल्या असतात : तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल, कूलंट. त्या वहीत दिसते की सहा आठवड्यांत पाच वेळा कूलंट भरावे लागले. दोन जॉब कार्डांवर ‘कूलंट कमी होते’ अशी तक्रारही आहे. पहिल्या वेळी झाकण बदलले गेले, दुसऱ्या वेळी रेडिएटर धुतला गेला. आतली गळती कोणी शोधलीच नाही.

पण त्याच वहीत महिन्यापूर्वीची एक नोंद असते : ‘शहापूरजवळ ढाब्यावरून तीन लिटर साधे पाणी.’ धाकटा दीर ती पाहून थबकतो. “वहिनी, हे पान काढून टाका. त्यांना आयते कारण मिळेल.”

सूनबाई काही बोलण्याआधी सासरे वही जवळ ओढून घेतात. “एक पान काढले, तर उरलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवील? आणि आपण तरी कसा ठेवू?”

वही आहे तशी, त्या पानासह, सेवा केंद्रात जाते. सोबतच्या पत्रात दाब-चाचणीची आणि संगणकातील नोंदींची मागणी असते. चाचणीत ईजीआर कूलरला आतून चीर सापडते. साधे पाणी भरण्याच्याही आधीपासून कूलंट घटत होते, हे वहीच्या तारखाच सांगतात. संगणकाची नोंद दुसरी गोष्ट सांगते : तापमानाची सूचना आल्यापासून चारच मिनिटांत इंजिन बंद झालेले असते. हेड सपाट आहे, गॅस्केट शाबूत आहे. चालकाने गाडी ताणली असती, तर दोन्ही गेले असते.

कूलरचा आणि मजुरीचा खर्च कंपनी स्वीकारते. साधे पाणी मिसळल्यामुळे सारी यंत्रणा धुऊन नवे कूलंट भरण्याचा खर्च, गाडी ओढून आणण्याचे पैसे आणि उशिराचे नुकसान कुटुंबाच्या वाट्याला येते. त्यावर घरात कोणी कुरकुर करीत नाही. जे आपले, ते आपले.

त्या संध्याकाळी धाकटा मुलगा चालकाला दुकानात बोलावतो आणि संगणकातील नोंदीचा कागद त्याच्यापुढे ठेवतो. “काका, चूक आमच्या बोलण्यात झाली. इंजिन तुम्ही वाचवलेत.” चालक कागदावरचे आकडे पाहतो, घडी घालून तो खिशात ठेवतो आणि विचारतो, “उद्या माल किती वाजता भरायचा?”

दुसऱ्या दिवसापासून ट्रकमध्ये दोन वस्तू अधिक असतात : योग्य प्रमाणात मिसळलेल्या कूलंटचा पाच लिटरचा डबा आणि दोरीने बांधलेली एक लहान वही. तिच्यातील पहिली नोंद चालकाच्या अक्षरात असते.