वायुसेनेचें कोठार

वायुसेना म्हटली कीं आपल्या घराघरांतून वैमानिकाचेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. नांदेडच्या आमच्या एका विद्यार्थ्याचीहि तीच उमेद होती. परंतु दृष्टिदोष आड आला. रसद शाखेचा मार्ग मोकळा होता. तेव्हां त्याचे वडील म्हणाले, “गुरुजी, एवढें शिकून मुलानें कोठीच सांभाळायची काय?”

आम्हीं त्यांस किल्लारीची आठवण दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आम्ही उभयतां लातुराहून मदतीस गेलों होतों. एका गांवीं जुन्या कपड्यांचे ढीग पावसांत भिजत पडले होते, तर पुढच्या गांवीं एक ताडपत्री मिळेना. औदार्य उदंड होतें. कोठें काय हवें याची यादी मात्र नव्हती. ते क्षणभर गप्प राहिले.

नेमकी वस्तु नेमक्या वेळीं नेमक्या स्थळीं पोहोंचविणें हेंच रसद शाखेचें काम. इंधन वा एखादा सुटा भाग नसेल तर उत्तम वैमानिकहि जमिनीवरच राहतो. तळाची एकंदर व्यवस्था प्रशासन शाखेकडे असते. विमानांस उतरण्याची अनुज्ञा देणारे नियंत्रकहि त्याच शाखेंतले. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत कोष्ठागाराध्यक्षाचीं कर्तव्यें सविस्तर सांगितलीं, तीं उगाच नव्हेत.

या शाखांसाठीं आज पदवीनंतर प्रवेशपरीक्षा व मुलाखत द्यावी लागते. प्रशिक्षण हैदराबादेजवळ दुंडिगल येथील अकादमींत होतें. आरंभ फ्लाइंग ऑफिसरच्या हुद्द्यानें; पुढें फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन; निवडक थोडे एअर व्हाइस मार्शलपर्यंत चढतात. विमानांची देखभाल व साठा पाहणाऱ्या कमांडचें मुख्यालय तर आपल्या नागपुरांतच आहे. १९९० नंतरच्या दशकापासून या शाखांत मुलींसहि प्रवेश आहे.

आमचा तो विद्यार्थी आज ग्रुप कॅप्टन आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला तेव्हां म्हणाला, “गुरुजी, माझें काम बिनचूक झालें तर तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.” त्याचे वडील शेजारींच बसले होते. ते म्हणाले, “आमच्या आतां आलें आहे.”

पालकांनीं मुलाच्या चष्म्याकडे पाहून निराश होऊं नये, आणि कोठाराच्या किल्लीस हलकें लेखूं नये, एवढेंच आमचें सांगणें.