बर्फाच्या समुद्रात जीव वाचतो कसा?

आमच्या शांतीनगरातून सकाळी निघणाऱ्या बहुतेकांना मीरा रोडला चर्चगेटची लोकल गाठायची असते. माझ्या दादाला मात्र बोटीवर नोकरी लागली आणि पहिलीच सफर निघाली अंटार्क्टिकाची! आईने एकच विचारले, "अरे, त्या पाण्यात पडलास तर?" दादा हसला. आईच्या प्रश्नाचे उत्तर मग मीच शोधू लागलो.

अंटार्क्टिकाची वाट आपल्याला नवी नाही. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' या जहाजाने निघाली व 9 जानेवारी 1982 रोजी तेथे पोहोचली.

खारे पाणी सुमारे उणे 2 अंशांवर गोठते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला प्रथम धाप लागते, पाण्याचा घोट आत जातो; दहाएक मिनिटांत बोटे काम करीनाशी होतात. नुसते जीवरक्षक जाकीट माणसाला तरंगते ठेवील, ऊब देणार नाही. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा उबदार, जलरोधक पोशाख असतो. तो दोन मिनिटांत चढवता आला पाहिजे, आणि गोठणबिंदूजवळच्या पाण्यात सहा तासांत शरीराचे तापमान 2 अंशांहून अधिक उतरता कामा नये, अशी त्याची कसोटी आहे.

'टायटॅनिक'वर सुमारे 2200 माणसे आणि नौकांत जागा 1178 जणांची! त्या 1912 च्या दुर्घटनेनंतर 1914 साली सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. नोव्हेंबर 2007 मध्ये अंटार्क्टिकाजवळ 'एक्सप्लोरर' बुडाले. त्यावरील 154 जण वाचले खरे, पण मदतीचे जहाज येईपर्यंत कित्येक तास त्यांना उघड्या होड्यांत कुडकुडावे लागले. 1 जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या ध्रुवीय नियमावलीनुसार आता नव्या जहाजांवरील जीवरक्षक नौकांना छत लागते. सुटका होईपर्यंत निदान पाच दिवस तग धरण्याची तरतूदही लागते, कारण तेथे शेजारी कोणी नसतो. नौका व तराफ्यांवर बर्फ साचून ते अडकू नयेत म्हणून बर्फ काढण्याची साधने हवीत. संकटात उपग्रहामार्फत जहाजाचा ठावठिकाणा कळविणारे यंत्रही असते.

परंतु साधन असणे वेगळे आणि हाताला त्याची सवय असणे वेगळे. सात आखूड व एक लांब भोंगा झाला की प्रत्येकाने ठरल्या जागी हजर व्हायचे, हा सराव म्हणूनच पुन्हा पुन्हा घेतात.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. ती क्षणभर गप्प राहिली, मग दादाला म्हणाली, "तो पोशाख आधी दोनदा घालून बघ हो, बाळा!"

दादा या वेळी हसला नाही.