सॉफ्टबॉल खेळा, पदवीही मिळवा!

विटा परिसरातल्या मुला-मुलींनो, बारावीनंतर ग्लोव्हज माळ्यावर टाकू नका.

🥎 दहावी-बारावी : मान्यताप्राप्त शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर सवलतीचे क्रीडागुण मिळतात. प्रमाणपत्रं जपा.

🥎 कॉलेज : आपल्या भागातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठ संघात निवड झाली, की आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. प्रवेश घेतानाच क्रीडा संचालकांना भेटून फी-सवलतीची चौकशी करा.

🥎 अमेरिका : तिथल्या विद्यापीठांत मुलींना सॉफ्टबॉलसाठी शिष्यवृत्ती मिळते. एनसीएए या तिथल्या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पहिल्या आणि दुसऱ्या विभागात ती आहे, तिसऱ्यात खेळासाठी नाही. निवडीत नववीपासूनचे गुणही पाहतात, म्हणून अभ्यास सोडू नका.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. पालकांनो, मुलींना मैदानावर पाठवा!