एक लिटर पेट्रोल जाते कोठे?

पेट्रोलचा दर चढला की घरोघरी दोन प्रश्न निघतात. रोजचे जाणे-येणे कशाने करायचे आणि पुढचे वाहन कोणते घ्यायचे? प्रश्न पैशाचे आहेत खरे, पण त्यांची निम्मीअधिक उत्तरे विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातच आहेत.

बीड जिल्हा घ्या. परळी-घाटनांदूरकडचा जुना लोहमार्ग आणि 2022 साली आष्टीपर्यंत आलेली गाडी सोडली, तर येथील सारी ये-जा वर्षानुवर्षे रस्त्यानेच होत आली. खुद्द बीड शहरात रेल्वे पोचली ती सप्टेंबर 2025 मध्ये. त्यामुळे 'अप-डाऊन' करणारे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना एस.टी., काळी-पिवळी जीप किंवा मोटारसायकल एवढेच पर्याय असत. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. त्याच हिवाळ्यात पेट्रोल लिटरला 110 रुपयांच्या आसपास होते. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास विनामूल्य असतो. पण गाडीच आगारात उभी असेल तर पास काय कामाचा? गावापासून तालुक्याचे ठिकाण 25 किलोमीटर धरा. जाऊन-येऊन 50 किलोमीटर, महिन्याचे 24 दिवस. लिटरला 60 किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलला 20 लिटर लागतील, म्हणजे 2200 रुपये. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम मुलीच्या शिक्षणाचा निर्णय फिरवू शकते.

आता या पेट्रोलचे होते काय ते पाहू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 32 मेगाज्यूल उष्णता मिळते. विजेच्या भाषेत जवळजवळ 9 युनिटे. मोटारसायकल आणि स्वार मिळून 175 किलोग्रॅम वस्तुमान धरू. ताशी 50 किलोमीटर वेगाला हवेचा विरोध सुमारे 64 न्यूटन आणि टायरांचा सुमारे 26 न्यूटन, एकूण 90 न्यूटन होतो. या बलाविरुद्ध एक किलोमीटर जाण्याचे कार्य 90 किलोज्यूल. पण लिटरला 60 किलोमीटर म्हणजे दर किलोमीटरला 533 किलोज्यूल ऊर्जा खर्च झाली! चाकापर्यंत जेमतेम सहावा हिस्सा पोचला. उरलेली ऊर्जा सायलेन्सरच्या धुरातून, एंजिनाच्या पंख्यांसारख्या पात्यांवरून आणि अंतर्गत घर्षणातून उष्णता होऊन गेली. धावून आलेल्या गाडीच्या एंजिनाजवळ हात नेऊन पाहा (लावू मात्र नका), तुमच्या पैशाची ऊब जाणवेल.

या 90 न्यूटनांत मोठा वाटा हवेचा आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 50 वरून 70 वर नेला की 64 चे 125 न्यूटन होतात आणि एकूण विरोध 90 वरून सुमारे 150 वर जातो. पंचवीस किलोमीटरच्या वाटेवर त्याबदल्यात वाचतात साडेआठ मिनिटे. अमेरिकेने 1974 साली महामार्गांवर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा घातली तिच्यामागे हेच गणित होते. आदल्या वर्षाच्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव पिंपाला 3 डॉलरच्या आसपासून जवळपास 12 डॉलरवर गेला होता.

बीडकरांना आणखी एक खर्च आहे, तो म्हणजे बालाघाटाची चढण. मांजरसुंबा असो की धारूर, घाट चढायचा तर वस्तुमान उचलावे लागते. शंभर मीटर उंची चढताना आपल्या मोटारसायकलला सुमारे 0.17 मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा मिळते. एंजिनाची कार्यक्षमता 20 टक्के धरली तर त्यासाठी 27 मिलिलिटर पेट्रोल पुरते. चार माणसांसह 1300 किलोग्रॅमच्या मोटारीला तेवढ्याच चढासाठी 200 मिलिलिटर लागेल. पलीकडे उतरताना ती ऊर्जा ब्रेकमध्ये तापून वाया जाते. विजेवरच्या गाडीत मात्र उतारावर मोटरच जनित्र बनते आणि ऊर्जेचा काही भाग घटमालेत परत येतो. घाटाच्या मुलखात हा फायदा सपाटीपेक्षा अधिक मिळतो.

मोटार निवडताना लोक 'ॲव्हरेज किती?' असे विचारतात. माझ्या मते 'त्यात माणसे किती बसणार?' हा प्रश्न आधी यावा. लिटरला 18 किलोमीटर जाणाऱ्या मोटारीत एकटाच माणूस असेल तर एका लिटरमध्ये एका माणसाचा 18 किलोमीटर प्रवास झाला. चौघे असतील तर 72. दोघांना घेऊन जाणारी मोटारसायकल शंभराच्या पुढे जाते. आणि लिटरभर डिझेलवर केवळ साडेचार किलोमीटर जाणारी, खडखडणारी एस.टी.? चाळीस प्रवासी असले की तिचा हिशेब 180 वर जातो!

दराचेही थोडे भूगोलशास्त्र आहे. शेजारच्या परभणीतले पेट्रोल राज्यात सर्वांत महाग, अशी बातमी अनेकदा आली. मनमाडहून टँकरने ते तेथवर आणण्याचा खर्च दरात मिळतो. म्हणजे इंधन आणायलाही इंधनच जळते. 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला. आपल्याकडे इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस आहे, आणि तो तोडायला बीडचेच मजूर दर हंगामात घर सोडून जातात. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये ऊर्जा सुमारे 21 मेगाज्यूलच असते. त्यामुळे मिश्रणाच्या लिटरमागे ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी कमी भरते. गाडीचे ॲव्हरेज घटल्याची तक्रार ऐकाल तेव्हा हा आकडा आठवा.

टायरांचा विरोध मात्र तुम्हाला घरीच मोजता येईल. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर मित्राला सायकलवर बसवा. त्याने पाय जमिनीवरून उचलून केवळ हँडल सांभाळावे. सायकलला ताणकाटा अडकवून तिला संथ, एकसारख्या वेगाने ओढा. काटा सुमारे अर्धा किलोग्रॅम, म्हणजे 5 न्यूटन दाखवील. आता दोन्ही चाकांतली हवा निम्मी सोडून पुन्हा ओढा आणि दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी लिहा. हाच प्रयोग डांबरी रस्ता सोडून शेताच्या वाटेवरही करून पाहा.