पंजाविरुद्ध पंजाचीच माणसे

सत्तेवर असलेल्यांविषयी मतदारांच्या मनात साचत गेलेला रोष मतपेटीतून एकदम बाहेर पडतो, तेव्हा त्याला ‘प्रस्थापितविरोधी लाट’ म्हटले जाते, आणि महाराष्ट्रात या लाटेसाठी फेब्रुवारी-मार्च 1995च्या विधानसभा निवडणुकीचा दाखला हमखास दिला जातो. परंतु त्या निकालाचे आकडे बारकाईने पाहिले, तर काँग्रेसला विरोधकांइतकेच तिच्या स्वतःच्या नाराजांनी पाडले, असे म्हणावे लागते. 1990 मध्ये 141 जागा जिंकणारी काँग्रेस 288 जागांच्या सभागृहात 80 वर आली, शिवसेनेला 73 व भारतीय जनता पक्षाला 65 जागा मिळाल्या, आणि तब्बल 45 अपक्ष निवडून आले. काँग्रेसला सुमारे 31 टक्के, तर शिवसेना-भाजप युतीला सुमारे 29 टक्के मते होती. अपक्षांच्या वाट्याला मात्र 23 टक्क्यांहून अधिक मते गेली, आणि त्या निवडणुकीचे खरे मर्म याच आकड्यात आहे.

मुंबईतील दंगली व बॉम्बस्फोट, एन्रॉन वीजप्रकल्पाचा वाद आणि नोव्हेंबर 1994 मध्ये नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चातील चेंगराचेंगरीत गेलेले 114 बळी यांमुळे लोक संतापलेले होतेच. परंतु तालुक्याच्या पातळीवर साखर कारखाना, जिल्हा बँक आणि पंचायत समिती या साऱ्या संस्थांच्या ताब्यासाठी काँग्रेसमधलेच दोन-तीन गट आपापसांत झगडत असत, आणि विधानसभेचे तिकीट त्यांपैकी एकालाच मिळणार असे. उमेदवार ठरवताना साध्या सभासदांचे मत घेण्याची पद्धत पक्षात नव्हती. निर्णय मुंबई-दिल्लीत होत असे, आणि डावलल्या गेलेल्या गटापुढे निमूट बसणे किंवा बंडखोरी करणे, एवढेच मार्ग उरत.

ही बंडखोरी सोपी नव्हती. पक्षाचा ‘एबी फॉर्म’, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, हाती नसल्याने काँग्रेसचे पंजा हे चिन्ह मिळत नसे. अर्ज माघारीनंतर निवडणूक अधिकारी देईल ते चिन्ह घ्यावे लागे, आणि वर्षानुवर्षे पंजावर शिक्का मारत आलेल्या वाडीवस्तीवरच्या वृद्ध मतदाराला जेमतेम काही आठवड्यांत कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन ते नवे चित्र ओळखायला शिकवावे लागे. एवढे करूनही 45 जण निवडून आले, आणि त्यांत काँग्रेसमधून आलेले अनेक होते, यावरून मतदारांचा राग पक्षाच्या विचारावर कमी आणि त्याने लादलेल्या माणसांवर जास्त होता, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरत नाही.

बहुमताला 145 आमदार लागत असताना युतीकडे 138 होते, म्हणून 14 मार्च 1995 रोजी शपथ घेतलेल्या मनोहर जोशी सरकारला अपक्षांचा टेकू अपरिहार्य झाला. पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात गेला, तर त्याची आमदारकी जाते. मात्र बाहेरून पाठिंबा देऊन मंत्री होण्यास त्यात आडकाठी नाही. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील आणि काटोलचे अनिल देशमुख हे अपक्ष याच वाटेने राज्यमंत्री झाले. 1999 मध्ये देशमुख राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. पाटील मात्र 1999 व 2004 मध्येही अपक्ष म्हणूनच जिंकले, काँग्रेस आघाडीच्या सरकारांतही मंत्री राहिले, आणि इंदापुरातून विधानसभेसाठी पंजा हे चिन्ह त्यांनी घेतले ते 2009 मध्ये.