पिवळ्या पुस्तकांचा रॅम्पवॉक

मराठीत ‘पिवळं पुस्तक’ म्हणजे काय ते सांगायला नको. गादीखाली लपवायची चीज ती. इटलीत मात्र पिवळं पुस्तक चारचौघांत उघडून वाचतात. १९२९ साली मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने रहस्यकथांची माला काढली आणि तिची मुखपृष्ठं पिवळीधमक ठेवली. पिवळ्याला इटालियनमध्ये ‘जाल्लो’ म्हणतात, म्हणून खुनाची गोष्ट म्हणजे जाल्लो हे तिथे रूढ झालं. पुढे सिनेमाने ते नाव उचललं. काळे हातमोजे, चकाकतं पातं आणि खुन्याच्या डोळ्यांनी पाहणारा कॅमेरा ही त्याची ओळख. फॅशनचं जग हा या सिनेमाचा लाडका पत्ता, आणि तिथेच त्यांचा पिवळा नि आपला पिवळा एकमेकांत मिसळत गेले.

सुरुवात मारिओ बाव्हापासून करावी लागते. वडील मूकपटांच्या काळातले कॅमेरामन. हा स्वतःही आधी छायालेखक. त्याचा १९६४चा ‘सेई दोन्ने पेर लासासिनो’, म्हणजे ‘खुन्यासाठी सहा बायका’, रोममधल्या एका उंची फॅशन-हाउसमध्ये घडतो. श्रेयनामावलीतच नट-नट्या शिवणकामाच्या पुतळ्यांशेजारी पुतळ्यांसारख्याच निश्चल उभ्या आहेत. खुन्याच्या तोंडावर पांढरं कापड ताणलेलं, त्यामुळे तोही बिनचेहऱ्याचा. पैसा बेताचा होता. ट्रॉलीच्या जागी म्हणे मुलांची खेळण्यातली गाडी वापरली. पण जांभळा, हिरवा, लाल उजेड असा सांडलाय की तो कुठून येतो हे विचारायचं सुचत नाही.

त्यातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहते. पहिली मॉडेल मारली गेली आहे आणि तिची डायरी दुसरीच्या हाती लागली आहे. ती डायरी पर्समध्ये टाकते, पोलिसांना देईन म्हणते आणि शोसाठी निघून जाते. बाहेर गाऊन मिरवताहेत, पाहुणे बघताहेत. आत मात्र कुणाचंच लक्ष कपड्यांकडे नाही. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्या पर्सकडे चोरून बघतो. त्या डायरीत कुणाचं व्यसन, कुणाचं कर्ज, कुणाचं लफडं असणार, एवढं आपल्याला नुसत्या नजरांवरून कळतं. संवादाची गरजच पडत नाही.

पोलीस अधिकारी मात्र ठाम: हे कुणा लैंगिक विकृताचंच काम. म्हणून तो सगळ्या संशयित पुरुषांना कोठडीत टाकतो, आणि त्याच रात्री आणखी एक खून पडतो. (साठ वर्षांपूर्वीचं रहस्य फोडते आहे, रागावू नका.) मुखवटा एक, माणसं दोन. फॅशन-हाउसची मालकीण आणि तिचा साथीदार. मालकिणीच्या नवऱ्याला दोघांनी संपवलेलं, त्यावरून पहिली मॉडेल पैसे उकळत होती. म्हणजे वासनेचा संबंध नाही, सगळा धंद्याचा हिशोब! ती डायरी तर एकीने केव्हाच जाळून टाकलेली असते. डायरीसाठी तिचा छळ होतो तो फुकटच. बाव्हाची ही थंड नजर मला त्याच्या रंगांपेक्षा मोठी वाटते.

मग दारिओ आर्जेंतोच्या १९७०च्या पहिल्याच चित्रपटाने गल्ला भरला आणि जाल्लोंचं पीक आलं. १९७२ साली जुलियानो कार्निमेओच्या सिनेमात एडविज फेनेक मॉडेल झाली. तो एकदा बघून विसरावा. १९७५च्या ‘नूदे पेर लासासिनो’त, आंद्रेआ बिआंकीच्या, ती केस कापून छायाचित्रकार झाली. शीर्षकात ‘सहा बायकां’च्या जागी ‘नग्न’ आलं. बाव्हाकडे कपडे होते, इथे ते उतरवणं हाच कार्यक्रम. आपला पिवळा पोचला तो इथे. नायक नीनो कास्तेलनुओव्हो. अकरा वर्षांपूर्वी शेरबुर्गच्या छत्र्यांच्या त्या फ्रेंच संगीतपटातला हळवा प्रियकर तो. इथे गळ्यात कॅमेरा अडकवून बायका हेरत फिरतो.

तरी या भिकार सिनेमाच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे. सुरुवातीलाच चोरून केलेल्या गर्भपातात एक मॉडेल टेबलावर दगावते. डॉक्टर कुणाला तरी बोलावतो आणि दोघं मिळून तिला घरी नेऊन टबात ठेवतात, हृदय बंद पडलं असं वाटावं म्हणून. इटलीत तेव्हा गर्भपात हा गुन्हा होता. कायदा बदलला १९७८मध्ये. पुढे मोटारसायकलचं हेल्मेट आणि काळं चामडं घातलेला खुनी मिलानच्या मॉडेल एजन्सीतल्या एकेकाला गाठतो ते याच मरणापायी. एवढा हुकमी धागा हातात असून बिआंकीला तो नको आहे. त्याला न्हाणीघरं हवीत, आणि शेवट तर एका अचकट विनोदावर.

दहा वर्षांनी, १९८५मध्ये, कार्लो वान्झिनाचा ‘सोत्तो इल वेस्तीतो निएन्ते’ आला: ‘कपड्यांखाली काहीच नाही’. रोमची उंची शिलाई मागे पडून मिलानचे तयार कपडे जगभर जाऊ लागले होते, त्यामुळे पडद्यावरही आता मिलानचा चकचकाट. डॅनिश मॉडेल रेने सिमोनसेन, थकलेल्या कमिशनरच्या भूमिकेत डोनल्ड प्लेझन्स आणि ब्रायन डी पाल्माच्या चित्रपटांना संगीत देणारा पीनो दोनाज्जो. सिनेमा मासिकाच्या पानासारखा गुळगुळीत. भीती कमी, थाट जास्त.

एक गोष्ट मात्र त्याने नेमकी हेरली. बाव्हाच्या फॅशन-हाउसमध्ये गळा आवळतात, तापलेल्या शेगडीवर चेहरा दाबतात, उशीने गुदमरवतात, टबात बुडवतात. पण शिवणाऱ्यांच्या त्या घरात कात्री कुणी उचलत नाही. वान्झिनाचा खुनी कात्रीच घेऊन येतो.