संस्थान गेलं, बँक राहिली

निजामाच्या काळात नांदेड-लातूरच्या पेठांत दोन रुपये चालत: हैदराबाद संस्थानचा हाली आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. सात हालींचे साधारण सहा कलदार व्हायचे. मुंबईकडे माल धाडणाऱ्या आडत्याला हे गणित रोजच करावं लागे. हाली चलन आणि सरकारी खजिना सांभाळण्यासाठी १९४१ साली कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. ५ एप्रिल १९४२ रोजी हैदराबादेत तिचं कामकाज सुरू झालं.

या बँकेची नांदेड जिल्ह्यातली सर्वांत गाजलेली शाखा उमरीची. उमरी म्हणजे रेल्वेमार्गावरची कापसाची पेठ. ३० जानेवारी १९४८ रोजी स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र स्वातंत्र्यसैनिकांनी ही शाखा ताब्यात घेतली आणि वीस लाखांच्या घरातली रक्कम लढ्यासाठी संस्थानच्या हद्दीबाहेर नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. निजामाच्या तिजोरीतला पैसा निजामाविरुद्धच्या लढ्याला लागला, हा मराठवाड्याच्या इतिहासातला विलक्षण प्रसंग आहे आणि तो शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवा.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ साली त्याची तीन राज्यांत वाटणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. बँक मात्र अखंड राहिली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने ती ताब्यात घेतली, नाव ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झालं आणि १९५९ साली ती भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी बनली. लोकांच्या तोंडी ती ‘एसबीएच’.

लातूरसारख्या आडत बाजाराला अशी बँक का लागते? शेतकऱ्याच्या तुरीचे पैसे लवकर द्यावे लागतात, पण डाळ विकून दालमिलचे पैसे मोकळे व्हायला वेळ जातो. मधली निकड कॅश क्रेडिटने भागते. गोदामातल्या मालावर मर्यादा ठरते, लागेल तेवढी रक्कम उचलायची आणि उचललेल्या रकमेवरच व्याज भरायचं.

लहान शेतकरी मात्र या व्यवहाराच्या बाहेरच राहायचा. त्याच्यासाठी १९७६ साली नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक आली. तिची प्रायोजक होती बँक ऑफ महाराष्ट्र. ग्रामीण बँकांच्या भांडवलात केंद्राचा वाटा ५०, प्रायोजक बँकेचा ३५ आणि राज्याचा १५ टक्के असतो. २००९ साली तिची महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली.

१ एप्रिल २०१७ रोजी ‘एसबीएच’ भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाने भांडवलाचं बळ वाढतं, हे खरं. पण हंगाम हुकला तर गावाचं काय होतं, हे ओळखणारा अधिकारी निर्णयाच्या खुर्चीत असणं तितकंच मोलाचं आहे. ग्रामीण बँकांचंही असंच एकत्रीकरण झालं: मे २०२५ पासून राज्यभर एकच ग्रामीण बँक आहे आणि तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे.